गुप्त मत आणि उघड प्रचार

लोकशाहींतील निवडणूक दोन साध्या नियमांवर उभी असते. पहिला नियम असा कीं, मत गुप्त असावें. आणि दुसरा असा कीं, प्रचार उघड असावा. कोणी कोणाला मत दिलें हें शेजाऱ्याला, मालकाला किंवा सावकाराला कळतां कामा नये. परंतु कोणी कोणतें आश्वासन दिलें, कोणी कोणावर कोणता आरोप केला, आणि त्यासाठीं पैसा कोणाचा खर्च झाला, हें मात्र सर्वांना कळलें पाहिजे. समाजमाध्यमांनीं निवडणुकींत कोणता बदल घडवून आणला, याचा विचार करावयाचा झाल्यास तो या दोन नियमांच्या कसोटीवर करणें इष्ट होईल. कारण बदल झाला आहे तो नेमका याच ठिकाणीं.

यांतला पहिला नियम वाटतो तितका जुना नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील मतदार अधिकाऱ्यासमोर उभा राहून आपल्या उमेदवाराचें नांव मोठ्यानें उच्चारीत असे, आणि तें वहींत टिपून घेतलें जाई. जमीनदाराच्या कारभाऱ्याला तें ऐकण्याची मुभा होती, आणि कुळाला तें ठाऊक असे. १८५६ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन वसाहतींनीं गुप्त मतदानाची पद्धति सुरू केली, आणि १८७२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें तिचा स्वीकार केला. त्यानंतर अकराच वर्षांनीं, म्हणजे १८८३ मध्यें, उमेदवाराच्या खर्चाला कडक मर्यादा घालणारा कायदा तेथें झाला. या दोन कायद्यांचा क्रम मोठा बोधक आहे. मत झांकलें गेलें, तेव्हां पैसा उघडा करणें भाग पडलें.

स्वतंत्र भारतानें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत हे दोन्ही नियम पत्करले. मतदार १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावण्यांत आलें, व मतदारानें आडोशामागें जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावी, अशी योजना झाली. प्रचाराच्या बाजूनें १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा उभा राहिला. त्यांत पुढें ज्या सुधारणा होत गेल्या त्या धरून पाहतां, त्याचीं तीन कलमें प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. कलम ७७ प्रमाणें उमेदवारानें आपल्या खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो, व त्या खर्चाला मर्यादा आहे. कलम १२६ प्रमाणें मतदान संपण्याच्या वेळेपूर्वींचे ४८ तास सभा, मिरवणुका, सिनेमा व दूरचित्रवाणी यांच्या द्वारें प्रचार करण्यास बंदी आहे. आणि कलम १२७-अ प्रमाणें निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि पत्ता छापावा लागतो. बोलणारा कोण, पैसा किती, आणि विचाराला उसंत केव्हां, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मतदाराला मिळावीं, एवढाच या कलमांचा आशय आहे.

या सर्व व्यवस्थेच्या मुळाशीं एक चित्र होतें, आणि तें चित्र जाहीर सभेचें होय. मुंबईंत शिवाजी पार्कवर, पुण्यांत शनिवारवाड्यासमोर किंवा तालुक्याच्या गांवीं बाजारतळावर वक्ता उभा राहिला, म्हणजे त्याचें भाषण समर्थक ऐकत, विरोधक ऐकत, आणि टिपणवही घेऊन बसलेला बातमीदारहि ऐके. गिरणीकामगाराला एक व गिरणीमालकाला दुसरें, असें दोन तोंडांनीं बोलणें त्याला अशक्य नसलें तरी अवघड होतें. कारण आज सायंकाळीं जें बोललें गेलें, त्याचा जाब उद्यां सकाळीं वर्तमानपत्रांत विचारला जाई. आकाशवाणीनेंहि हीच रीत पुढें चालविली. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शन यांवर विनामूल्य वेळ देण्याची प्रथा पडली. भाषणाचा मजकूर आधीं सादर करावा लागतो, धर्मावर वा जातीवर हल्ला त्यांत चालत नाहीं, आणि मुख्य म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्याच्या व नागपुरांतील वकिलाच्या कानांवर पडणारे पक्षाचे शब्द अक्षरशः एकच असतात.

आतां समाजमाध्यमांकडे वळावयाचें. २००८ सालीं अमेरिकेंत बराक ओबामा यांच्या मोहिमेनें इंटरनेटवरून लहान लहान देणग्या व हजारों स्वयंसेवक गोळा केले, तेव्हां या साधनाचें सामर्थ्य जगाच्या लक्षांत आलें. भारतांत २०१४ ची लोकसभा निवडणूक ही त्याची पहिली मोठी कसोटी होती. ती येणार हें ओळखून निवडणूक आयोगानें २५ ऑक्टोबर २०१३ रोजीं एक आदेश काढला. उमेदवारानें समाजमाध्यमांवरील आपल्या खात्यांची माहिती शपथपत्रांत द्यावी, तेथील राजकीय जाहिराती प्रसिद्धीपूर्वीं तपासून घ्याव्या, आणि त्यांवरील खर्च आपल्या हिशेबांत धरावा, असें त्यांत सांगितलें होतें. पुढें सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली, आणि इंटरनेटचा दर झपाट्यानें उतरला. जें साधन २०१४ मध्यें मुख्यतः शहरांत दिसत होतें, तें २०१९ पर्यंत खेड्यापाड्यांतहि हातोहात फिरूं लागलें. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं देशांतील मतदारांची संख्या सुमारें ९७ कोटींपर्यंत पोहोंचली होती, व प्रत्येक मोठ्या पक्षानें या कामासाठीं स्वतंत्र खातें उघडलेलें होतें.

या साधनाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. कारण केवळ दोष पाहणारा मनुष्य त्याचें सामर्थ्यहि नीट ओळखूं शकत नाहीं. ज्याच्यापाशीं मोटारींचा ताफा नाहीं, ज्याला वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देणें परवडत नाहीं, असा उमेदवारहि आपलें म्हणणें घराघरांत पोहोंचवूं शकतो. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व त्याच्यावरील फौजदारी खटले यांची माहिती शपथपत्रावर देणें सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळें बंधनकारक झालें. तीं शपथपत्रें आतां कोणालाहि हातांतील मोबाईलवर वाचतां येतात. आचारसंहितेचा भंग दिसला तर त्याचें छायाचित्र काढून आयोगाकडे पाठविण्याची ‘सी-व्हिजिल’ नांवाची सोय आहे, व अशा तक्रारीचा निकाल १०० मिनिटांत लावावा अशी तींत अपेक्षा आहे. हीं सर्व कामें पूर्वीं एकट्यादुकट्या नागरिकाच्या आवांक्याबाहेरचीं होतीं.

मग अडचण कोठें आहे? ती समजण्यासाठीं हें यंत्र आंतून कसें चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

फेसबुक, यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम उघडल्यावर जो मजकूर समोर येतो, तो कोणी संपादक निवडीत नाहीं. मनुष्य कोणत्या चित्रावर किती क्षण थांबला, काय वाचून संतापला, कोणाला उत्तर देत बसला, याची नोंद यंत्र ठेवतें. आणि त्यावरून त्याला आणखी कांहीं काळ खिळवून ठेवील असा पुढचा मजकूर त्याच्यापुढें करतें. कंपनीचें उत्पन्न जाहिरातींवर, आणि जाहिरातींची किंमत लोकांच्या तेथें घालविलेल्या वेळावर अवलंबून असल्यामुळें यांत नवल नाहीं. परंतु शांत विचारापेक्षां संताप मनुष्याला अधिक खिळवून ठेवतो. २०१८ च्या आरंभीं फेसबुकनें आपल्या निवडीच्या गणितांत बदल करून ज्यावर लोक अधिक प्रतिक्रिया देतात अशा मजकुराला अग्रक्रम दिला. या बदलाचा परिणाम काय झाला, हें त्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्यें बाहेर आलें. पोलंडमधील एका पक्षाच्या प्रचारकांनीं कंपनीला सांगितलें होतें कीं, पूर्वीं त्यांच्या मजकुरांत विधायक व टीकात्मक असे निम्मे निम्मे भाग असत. नव्या गणितानंतर टीकेचा भाग शेंकडा ८० वर न्यावा लागला. म्हणजे माध्यमानें केवळ प्रचार वाहून नेला नाहीं. पक्षानें काय बोलावें हेंहि ठरविण्यास त्यानें सुरुवात केली.

दुसरी गोष्ट वेचक जाहिरातीची. वर्तमानपत्रांतील जाहिरात सर्व वाचकांना दिसते. समाजमाध्यमावरील जाहिरात मात्र अमुक जिल्ह्यांतील, अमुक वयाच्या, अमुक आवडीच्या लोकांनाच दाखवितां येते. यासाठीं लोकांची माहिती कशी गोळा केली जाते, याचें उदाहरण मार्च २०१८ मध्यें जगापुढें आलें. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश कंपनीकडे एका प्रश्नावलीच्या मिषानें ८ कोटी ७० लक्षांपर्यंत फेसबुक-सदस्यांची माहिती गेली असावी, असें फेसबुकनेंच मान्य केलें. त्यांत सुमारें साडेपांच लक्ष भारतीय असण्याचा संभव होता. गंमत अशी कीं, भारतांत ती प्रश्नावली स्वतः भरणारे लोक केवळ ३३५ होते; बाकीचे सारे त्यांचे मित्र, व मित्रांचे हातून त्यांची माहिती बाहेर गेली. पुढें २०१९ मध्यें अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगानें फेसबुकला ५०० कोटी डॉलरांचा दंड केला. त्या कंपनीनें लोकांचीं मनें वळविण्याची कांहीं जादू साधली होती, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीं चौकशीअंतीं २०२० मध्यें म्हटलें कीं, तिच्या बहुतेक पद्धति सर्वसाधारण प्रचारातील होत्या. परंतु धोका जादूचा नव्हताच. धोका हा कीं, कोणाला काय सांगितलें गेलें हें तिसऱ्याला कळण्याचा मार्ग उरला नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि भारताच्या दृष्टीनें तर विशेष महत्त्वाची आहे. ती म्हणजे ओळखीच्या माणसाचा शब्द. २ नोव्हेंबर २०१० रोजीं अमेरिकेंत कॉंग्रेसच्या निवडणुका झाल्या. त्या दिवशीं सुमारें ६ कोटी लोकांना फेसबुकवर मतदानाची आठवण करून देणारा संदेश दाखविण्यांत आला, व त्यासोबत ज्या मित्रांनीं मत दिल्याचें कळविलें होतें त्यांचीं छायाचित्रें होतीं. दुसऱ्या एका लहान गटाला केवळ कोरडी आठवण दाखविली, आणि तिसऱ्याला कांहींच नाहीं. पुढें मतदारांच्या सरकारी नोंदींशीं ताडून पाहतां असें आढळलें कीं, कोरड्या आठवणीचा परिणाम जवळजवळ शून्य. परंतु मित्रांच्या छायाचित्रांसह आलेल्या संदेशामुळें प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारें ३ लक्ष ४० हजार मतें अधिक पडलीं. हा निष्कर्ष २०१२ मध्यें ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. जाहिरातीला न बधणारा मनुष्य मित्राच्या शब्दानें घराबाहेर पडतो, एवढें यावरून स्पष्ट होतें.

भारतांत हा मित्राचा शब्द व्हॉट्सॲपमधून चालतो. मतदान केंद्रागणिक, गल्लीगणिक, जातीगणिक, सोसायटीगणिक गट बांधलेले असतात. संदेश पक्षाच्या कार्यालयांत तयार होतो. परंतु तो घरीं येतो तेव्हां पाठविणाऱ्याच्या जागीं मामांचें, वर्गमित्राचें किंवा शेजारच्या काकूंचें नांव असतें. मुद्रक नाहीं, प्रकाशक नाहीं, पत्ता नाहीं. २०१६ पासून तेथील संदेश पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाहि वाचतां येत नाहींत, कंपनीलाहि नाहीं. खाजगी पत्रव्यवहाराच्या दृष्टीनें हें उत्तम संरक्षण आहे, व तें टिकावें हेंच योग्य. परंतु शेंकडों माणसांच्या गटांत पसरणारें प्रचारपत्रकहि त्याच लखोट्यांत बंद होऊन फिरतें, आणि खाजगी पत्र व जाहीर पत्रक यांतील भेद नाहींसा होतो.

या बंद लखोट्याचें सामर्थ्य किती भयंकर असूं शकतें, हें महाराष्ट्रानें निवडणुकीच्या बाहेर पाहिलेलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना, मुलें पळविणारी टोळी समजून, जमावानें ठार मारलें. अफवा मोबाईलवरून गांवोगांव आधींच पसरलेली होती. देशांत इतरत्रहि अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यांत कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये असा निर्बंध घातला. जानेवारी २०१९ मध्यें तो जगभर लागू झाला, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढें आलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येतो. विवेकाचें काम यंत्राच्या अडसरानें करावें लागलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या वाटेनें मुलें पळविणाऱ्यांची अफवा गेली, त्याच वाटेनें उमेदवाराविषयींची अफवाहि जाते. फरक इतकाच कीं, तिचे बळी डोळ्यांना दिसत नाहींत.

आतां कायद्याचीं तीं तीन कलमें पुन्हां पाहूं जातां काय दिसतें?

बोलणारा कोण, हा पहिला प्रश्न. १ एप्रिल २०१९ रोजीं, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकनें भारतांतील कांहीं पृष्ठें व खातीं बंद केल्याचें जाहीर केलें. त्यांत ६८७ पृष्ठें व खातीं कॉंग्रेसच्या माहिती-तंत्र विभागाशीं संबंध असलेल्या व्यक्तींशीं निगडित होतीं. आणि दुसरीं १५ एका खाजगी कंपनीशीं संबंधित व्यक्तींशीं निगडित असून त्यांवर भारतीय जनता पक्षाच्या बाजूचा मजकूर असे. पहिल्या समूहाचे अनुयायी दोन लक्षांच्या घरांत, तर दुसऱ्या लहानशा समूहाचे सव्वीस लक्षांच्या घरांत होते. खात्यांची संख्या व त्यांचा प्रभाव या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हें यांतून दिसतें. आणि स्वतःचा चेहरा झांकण्याचा मोह कोणा एका पक्षाचा नाहीं, हेंहि दिसतें.

पैसा किती, हा दुसरा प्रश्न. २०२२ मध्यें ठरविलेल्या दराप्रमाणें मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लक्ष व विधानसभेच्या उमेदवाराला ४० लक्ष रुपयांची खर्चमर्यादा आहे. परंतु पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाहीं. त्यांतून, जाहिरात उमेदवाराची नाहीं, पक्षाचीहि नाहीं, एखाद्या अनोळखी नांवाच्या पृष्ठाची आहे, असें म्हटलें कीं हिशेबाचा धागा तुटतो. २०१९ पासून फेसबुक व गूगल यांनीं राजकीय जाहिरातींची जाहीर नोंद भारतांतहि ठेवण्यास सुरुवात केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु जी जाहिरात म्हणून दिलीच जात नाहीं, पगारी हातांनीं गटागटांतून सोडली जाते, तिची नोंद तेथें कोठून सांपडणार?

आणि उसंत केव्हां, हा तिसरा. २०१९ मध्यें समाजमाध्यमांच्या कंपन्यांनीं एक ऐच्छिक आचारसंहिता मान्य करून, शेवटच्या ४८ तासांतील आक्षेपार्ह मजकूर आयोगानें कळविल्यापासून तीन तासांच्या आंत काढून टाकण्याचें कबूल केलें. परंतु तीन तासांत खोटें कोठवर पोहोंचतें? त्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२० मध्यें दिल्लीच्या निवडणुकींत एका नेत्याचें बोलणें त्यानें न बोललेल्या भाषेंत त्याच्याच तोंडीं घालून प्रसृत करण्यांत आलें. तें त्याच्याच पक्षानें केलें होतें. २०१८ सालीं दिवंगत झालेले तामिळनाडूचे नेते करुणानिधि २०२४ मध्यें पडद्यावर पुन्हां बोलूं लागले. हे प्रयोग निदान उघड होते. परंतु महाराष्ट्र विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजीं होतें, आणि १९ नोव्हेंबरच्या सायंकाळीं, म्हणजे ऐन शांततेच्या काळांत, विरोधी पक्षांच्या दोन नेत्यांच्या नांवें ध्वनिफिती पसरल्या. त्या नेत्यांनीं तो आवाज आपला नसल्याचें सांगून तक्रारी केल्या. सत्यशोधन करणाऱ्यांनीं तपासलेल्या फितींपैकीं कांहींत कृत्रिमतेचीं लक्षणें दाखविलीं. परंतु हें सर्व होईपर्यंत मतदान केंद्रांचीं दारें उघडलीं होतीं. ४८ तासांची उसंत मतदाराला विचारासाठीं दिलेली. ती उत्तर देण्यास वेळ न उरलेल्या आरोपासाठीं सर्वांत सोयीची ठरली.

निवडणूक आयोगानें मे २०२४ मध्यें असा बनावट मजकूर निदर्शनास येतांच तीन तासांत काढण्याची सक्ति पक्षांवर केली, आणि जानेवारी २०२५ मध्यें कृत्रिम रीतीनें बनविलेल्या मजकुरावर तसें स्पष्ट लिहिण्यास सांगितलें. दिशा योग्य आहे. परंतु जें नांव घालून केलें जातें त्यालाच असा नियम लागू पडतो. निनावी हाताला तो कसा लागणार, हा प्रश्न उरतोच.

हा रोग विकोपाला गेला तर काय होतें, याचें उदाहरण युरोपांतील रुमानिया देशानें घालून दिलें आहे. २४ नोव्हेंबर २०२४ रोजीं तेथें राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. आधींच्या मतचांचण्यांत ज्याचें नांव बरेंच खालीं होतें, असा कॅलिन जॉर्जेस्कू हा अपक्ष उमेदवार शेंकडा सुमारें २३ मतें मिळवून पहिला आला. प्रचारावर आपण कांहींच खर्च केला नाहीं, असें त्यानें कळविलें होतें. ४ डिसेंबर रोजीं सरकारनें गुप्तचर खात्याचे अहवाल खुले केले. त्यांत म्हटलें होतें कीं, टिकटॉकवरील सुमारें २५ हजार खात्यांचें जाळें मतदानापूर्वीं दोन आठवडे एकाएकीं जागें झालें, आणि एका खात्यावरून महिन्याभरांत ३ लक्ष ८१ हजार डॉलर त्या माध्यमावरील प्रचारकांना वांटले गेले. संशयाची सुई रशियाकडे वळली. रशियानें इन्कार केला. ६ डिसेंबर रोजीं, दुसरी फेरी दोन दिवसांवर आली असतां व परदेशस्थ नागरिकांचें मतदान सुरूहि झालें असतां, घटना-न्यायालयानें संपूर्ण निवडणूक रद्द ठरविली.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून हें उदाहरण पुरें होत नाहीं. पुढें तेथील पत्रकारांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्या प्रचारापैकीं एका मोहिमेचा पैसा सत्तेंतील एका पक्षाकडूनच आला होता. भलत्याच हेतूनें काढलेली मोहीम भलत्याच उमेदवाराच्या पथ्यावर पडली. म्हणजे पैसा कोणाचा, या साध्या प्रश्नाचें उत्तर निवडणुकीपूर्वीं कोणाहिपाशीं नव्हतें, आणि नंतरहि तें निर्विवाद मिळालें नाहीं. न्यायालयाच्या निर्णयाचें कित्येकांनीं स्वागत केलें, तर कित्येकांनीं, लाखों लोकांनीं स्वहस्तें दिलेलीं मतें अशीं कशीं पुसतां, असा सवाल केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें. जॉर्जेस्कू यांना नव्या निवडणुकींत उभें राहण्यास मनाई झाली, आणि १८ मे २०२५ रोजीं बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान हे शेंकडा सुमारें ५४ मतांनीं निवडून आले. निवडणूक पार पडली. परंतु मतपेटीवरील विश्वासाला जी भेग गेली, ती एका निकालानें सांधली जात नाहीं. मत गुप्त व शुद्ध राहूनहि, केवळ प्रचार गुप्त झाल्यानें एक निवडणूक फुकट गेली, हा त्याचा धडा आहे.

मग उपाय कोणता? युरोपीय संघानें राजकीय जाहिरातींविषयीं नवा कायदा केला, व तो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णपणें लागू झाला. प्रत्येक राजकीय जाहिरातीवर पैसा कोणाचा व ती कोणाला उद्देशून आहे हें लिहावें, असें तो सांगतो. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा कीं, गूगल व मेटा या कंपन्यांनीं तेथें राजकीय जाहिराती घेणेंच थांबविण्याचें ठरविलें. नियम कडक केला कीं माध्यम अंग काढून घेतें, आणि सैल सोडला कीं निनावी हात शिरतो, असा हा पेंच आहे. भारतापुरतें बोलावयाचें तर पक्षांच्या खर्चाला मर्यादा किंवा निदान वेळच्या वेळीं हिशेब, जाहिरातदाराच्या खऱ्या नांवाची सक्ति, आणि कलम १२७-अ चा आशय नव्या माध्यमाला लागू करणें, एवढ्या गोष्टी खाजगी पत्रव्यवहाराला हात न लावतां करतां येण्यासारख्या आहेत.

परंतु जो संदेश मामांच्या नांवानें येतो, त्यावर कोणताहि कायदा पुरा पडणार नाहीं. तेथें कुटुंबच आयोग आहे. सुशिक्षित घरांतील माणसांना हें काम विशेषेंकरून करावें लागेल. कारण गटांत त्यांच्या शब्दाला वजन असतें, आणि त्यांनीं पुढें धाडलेलें असत्य अधिक सहज पटतें. हें कोणी लिहिलें, यासाठीं पैसा कोणी दिला, आणि हें जाहीर सभेंत सर्वांसमोर बोलण्याचें धैर्य बोलणाऱ्याला झालें असतें काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय संदेश पुढें न पाठविणें, व शेवटच्या दोन दिवसांत तर मुळींच न पाठविणें, ही शिस्त घरांतल्या घरांत लावून घेतां येते. आलेला संदेश खोटा निघाला, तर ज्यानें पाठविला त्याला तसें सौम्यपणें कळविणें हें उद्धटपणाचें नव्हे, आपलेपणाचें लक्षण आहे.

मतदान केंद्रांतील पुठ्ठ्याचा आडोसा मतदारासाठीं आहे. त्याच्यामागें जाऊन बटण दाबण्याचा अधिकार मतदाराचा आहे, प्रचारकाचा नाहीं. आज प्रचारक आडोशामागें गेला आहे, आणि मतदाराच्या आवडी, भीति व राग यांची नोंद मात्र उघड्यावर विकली जात आहे. या दोघांच्या जागा पुन्हां पूर्ववत् करणें, हेंच या विषयांतील खरें काम होय.